शेवटच्या बांधीचं पाणी

धान निसवला, लोंब्या बाहेर पडल्या की कॉलेजात ते पत्र येतं. दोघांचा आठवडा दरवर्षी एकच कसा निघतो, मला अजून कळलेलं नाही. सकाळी गाडीवरून तालुक्याला निघालो की दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्यांमधून दुधाळ, गोडसर वास येतो, दाणा भरत असल्याचा. धुऱ्यांवरच्या, म्हणजे बांधांवरच्या, तुरीला पिवळी फुलं आलेली असतात, रस्त्याच्या कडेला बाया उकडलेले शिंगाडे घेऊन बसलेल्या असतात, आणि मी स्टाफरूममध्ये पोचतो तेव्हा टेबलावर जिल्ह्याच्या वादविवाद स्पर्धेचं पत्र पडलेलं असतं. प्राचार्यांनी लाल पेनाने त्यावर माझं नाव आधीच लिहिलेलं असतं. दोनदा मी या कामातून सुटका मागून पाहिली. ‘तुमच्याएवढं बोलता कोणाला येतं सर,’ असं म्हणत त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

यंदा पत्र हातात घेतलं आणि तसाच बसून राहिलो. बाबा गेल्यानंतरचा हा पहिला कार्तिक आहे.

मुलांना मी वर्षानुवर्षं तेच शिकवतो, आणि चांगलं शिकवतो, हे उगाच नम्रपणा न करता सांगतो. आधी तुमचं म्हणणं एका वाक्यात सांगा. एका वाक्यात बसत नसेल तर ते अजून तुम्हालाच कळलेलं नाही. मग कारणं द्या, पण अशी द्या की एक काढून घेतलं तरी दुसरं आपल्या पायावर उभं राहील. प्रत्येक कारणाखाली पुरावा ठेवा, आणि तो तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे की कुणाकडून ऐकलेला, तेही सांगा. ‘सगळे म्हणतात’ हा पुरावा नव्हे. एका वर्षी एक गोष्ट झाली म्हणून ती दरवर्षी होईल असं गृहीत धरू नका. तुमचं म्हणणं मान्य झालं तर कुणाचा फायदा होतो ते तपासा, आणि तो तुमचाच होत असेल तर आधी कबूल करा. आणि सगळ्यांत अवघड काम शेवटी. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवा. ते ऐकून त्याने मान डोलावली पाहिजे, की हो, मला हेच म्हणायचं होतं. मगच त्याला उत्तर द्या.

हे शेवटचं सांगताना माझा आवाज खाली येतो. मुलांना वाटतं, सर महत्त्वाचं सांगताहेत. महत्त्वाचं ते आहेच, पण आवाज त्यामुळे खाली येत नाही.

यंदाच्या संघात प्रणाली नावाची मुलगी आहे, नाकाडोंगरीकडची. मामाकडे राहून शिकते. बोलायला लागली की थांबत नाही, आणि डोळे असे चमकतात की समोरचा आधीच अर्धा खचतो. परवा सराव संपल्यावर वही छातीशी धरून मागेच उभी राहिली.

“सर, येक विचारू का? समोरच्याजवळ उत्तरच नसन, तो चूप बसला, तं आपण जिंकलो ना?”

साधा प्रश्न होता. नियमाप्रमाणे उत्तर ‘हो’ असं आहे. परीक्षकाच्या कागदावर तसा रकानाच असतो. मी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणालो, सोमवारी सांगतो.

आमचं गाव एकोडीहून आणखी थोडं आत. गावाच्या वर तलाव, तलावाखाली बांध्या. चारी बाजूंनी बांध घातलेली धानाची छोटी छोटी वावरं म्हणजे बांध्या. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहिलं की खाली उतरत गेलेल्या दिसतात, थेट नाल्यापर्यंत. पाळीच्या पोटात पाणी सोडायची वाट असते, तिला आम्ही तुडूम म्हणतो. तिचं बूच काढायचं, पाणी नालीत घ्यायचं आणि एकेका बांधीला पाळीपाळीने पोचवायचं, हे गावाने एका माणसावर सोपवलेलं काम. तो पाणकर. आमचे आजोबा पाणकर होते, त्यांच्यानंतर माझे बाबा.

बाबांना लिहिता-वाचता येत होतं, पण त्याची त्यांना फारशी गरज पडत नसे. खांद्यावर फावडं टाकून ते नालीच्या काठाने चालत, आणि मध्येच थांबून मान तिरकी करत. मी विचारायचो, काय झालं? म्हणायचे, “खेकडानं भोक पाडलं.” ते आवाजावरून ओळखत. वाहणाऱ्या पाण्याचा आवाज एका जागी जरासा बसलेला असायचा, तो त्यांना ऐकू यायचा. मला कधीच आला नाही. चिखलाने त्यांच्या पायाची बोटं एकमेकांपासून लांब लांब गेली होती, आणि थंडीत त्यांच्या फटींना आई कोमट तेल लावून द्यायची.

गावाची एक रीत होती. पाणी सुटलं की ते आधी शेवटच्या बांधीला जायचं, पार नाल्याकाठच्या. तिथून मग वर वर सरकत यायचं. तुडुमाला लागूनच आमच्या बांध्या होत्या, पाणी आमच्या उंबऱ्यावरून जायचं म्हणा ना, पण आम्ही सगळ्यांच्या शेवटी. लहानपणी मला हे फार मजेशीर वाटायचं, मोठेपणी मूर्खपणाचं वाटायला लागलं. शेवटची बांधी सोमाजीकाकांची. ते बाबांचे जिवाभावाचे मित्र. दोघं एकाच वयाचे, एकाच तलावात पोहायला शिकलेले, आणि पन्नाशीतही एकमेकांना ‘दशऱ्या’, ‘सोम्या’ म्हणणारे. पाणी शेवटाला पोचलं की काका तिकडून एक लांब कुकारी द्यायचे आणि बाबा इकडून तशीच परत करायचे. कार्तिकातल्या दुपारी त्या दोन कुकाऱ्या गावभर ऐकू यायच्या.

मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. महिनाभरापूर्वीच जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला आलो होतो. चषक आईने देवघरातल्या फळीवर ठेवला होता, आणि मी चालताबोलता जगाला मुद्दे पाडून दाखवत होतो. त्या वर्षी पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो फिरकलाच नाही. लवकर येणारा हलका धान कसाबसा हाती आला. उशिराचा भारी धान निसवला आणि तलावात पाणी उरलं ते जेमतेम. सगळ्या बांध्यांना दिलं तर प्रत्येकीचं पोट अर्धंच भरणार होतं. काय करायचं ते ठरवायला समाजमंदिराच्या ओट्यावर गाव जमलं.

बाबांनी नेहमीचंच सांगितलं. आधी शेवटाला, मग वर, सगळ्यांना थोडं थोडं.

मी उठलो. खिशात वही होती. दोन दिवस मी नालीच्या काठाने चालून पावलं मोजली होती, कुठे जमीन तडकली आहे ते टिपलं होतं. माझं म्हणणं एका वाक्यात होतं: यंदा पाणी वरून खाली द्यावं. कारणंही स्वतंत्र पायांवर उभी होती. कोरडी नाली शेवटापर्यंत भिजवण्यातच केवढं तरी पाणी मुरून जाणार. अर्धं पाणी मिळालेला धान सगळीकडेच पोचट निघणार. त्यापेक्षा वरच्या बांध्या पुऱ्या भिजवल्या तर निदान तेवढा तरी भरघोस येईल. आणि खालच्यांवर अन्याय नको म्हणून, ज्यांना पाणी मिळालं त्यांनी आपल्या खळ्यावरून त्यांना धान द्यावा. आक्षेप मीच काढले, मीच खोडले. आज तेवीस-चोवीस वर्षांनी शिक्षकाच्या नजरेने पाहिलं तरी मांडणीत फारशी खोट निघत नाही.

एक सोडून. पाणी वरून खाली आलं तर सगळ्यांत आधी आमच्याच बांध्या भिजणार होत्या. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आलं होतं. मी ते बोललो नाही, इतकंच.

“आपल्याइथं असं करत नाही, बाबू,” बाबा बसल्या जागेवरून म्हणाले.

“काहून नाही करत?” मी विचारलं. “आपल्याइथं करत नाही, हे काई कारण नाही झालं. कारण असन तं सांगा. सारा गाव ऐकून राहिला.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मोठ्यांनीही वाजवल्या. बाबा अर्धे उठले होते. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी सारखा केला, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत खाली बसले. सोमाजीकाका त्यांच्या शेजारीच होते. ते जमिनीकडे बघत होते.

घरी जाऊन मी वही उघडली. ‘विरोधी बाजू’ असा एक रकाना मी आखला होता. त्यात लिहिलं: परंपरा. कारण नाही. ती वही माझ्याकडे अजून आहे. अक्षर सुंदर आहे माझं, तेव्हापासूनच.

दुसऱ्या दिवशी बूच बाबांनीच काढलं. पाणी आमच्या बांधीत शिरलं तेव्हा ते धुऱ्यावर पाण्याकडे पाठ करून बसले होते. मी फावड्याने तोंड मोकळं करून दिलं आणि मोठ्या उत्साहाने म्हटलं, बघा, कसं भराभर भरतं आहे. ते ‘हाव’ म्हणाले. त्या दिवशी कुकारी आली नाही. पाणी शेवटापर्यंत गेलंच नाही, तर ती येणार कुठून, हे मला जेवायच्या वेळी लक्षात आलं.

माझा हिशेब चुकला नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. वरच्या बांध्या टच्च भरल्या. कापलेल्या धानाच्या कडपा पसरल्या तेव्हा लोंब्यांच्या वजनाने हात दुखले. गावात दोन-चार जणांनी पाठ थोपटली. मग खळ्यावर धानाच्या ढिगांची पुंजणी लागली, मळण्या सुरू झाल्या, भुशाची धूळ उन्हात सोनेरी होऊन तरंगायला लागली, आणि ठरल्याप्रमाणे सोमाजीकाका रिकामं पोतं घेऊन खळ्याखळ्यावर फिरायला लागले.

हे मी मांडणीत धरलं नव्हतं. ‘खालच्यांना धान द्यावा’ हे वाक्य वहीत किती नीटनेटकं दिसत होतं. पण तो घ्यायचा म्हणजे एका माणसाने दुसऱ्याच्या खळ्याच्या कडेला उभं राहायचं, त्याचं लक्ष जाईपर्यंत थांबायचं. लोक देत होते, नाही कशाला म्हणू. कुणी आनंदाने दिलं, कुणी ‘या ना काका’ म्हणत खालचा पोचट धान ओढला. जन्मभर ज्याच्या बांधीला गावाचं पाणी सगळ्यांत आधी जायचं तो माणूस आता सगळ्यांत शेवटी, उरलेल्यातलं घेत होता.

आमच्या खळ्यावर ते आले तेव्हा ऊन उतरत होतं. आईने सूप भरून घेतलं. बाबा बैलांकडे निघून गेले, जणू बैलांना तेव्हाच काही झालं होतं. काका थोडा वेळ थांबले. मग त्यांनी हाक मारली.

“दशरथ, पोत्याचं तोंड तं धर.”

‘दशऱ्या’ म्हणाले नाहीत. बाबा आले. दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड धरून खाली वाकून उभे राहिले. आई ओतत राहिली. धान पडतानाचा तो सरसर आवाज, आणि त्या एका पोत्यावर वाकलेले ते दोघं, कुणी कुणाकडे न बघणारे. मी पुंजण्याला टेकून उभा होतो. मला वाटत होतं, योजना यशस्वी झाली.

संक्रांतीआधी बाबांनी फावडं नेऊन समाजमंदिरात ठेवलं आणि पाणकर म्हणून मी आता नाही, असं सांगून आले. गुडघे दुखतात म्हणाले. गुडघे त्यानंतरही पुष्कळ वर्षं ठणठणीत होते.

पुढचं मी सुट्ट्यांमध्ये घरी जाताना तुकड्यातुकड्याने पाहिलं. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तलाव भरला, पण पाणी वरून खाली द्यायची सवय राहिली. एकदा सोयीची झाली ती रीत कोण बदलतो? वरचे लोक आपापली बांधी भिजली की घरी जायचे. नालीत गवत माजलं. खेकड्यांनी पाडलेली भोकं कुणी बुजवली नाहीत. काका एकटे नाल्याकडून वर, वरून नाल्याकडे फावडं घेऊन फिरायचे. तिसऱ्या वर्षी त्यांनी शेवटच्या बांधीत धान लावलाच नाही. लाखोळीचं कडधान्य टाकलं, ते गुरांनी खाल्लं. मग काकू वारल्या, आणि ते लेकीकडे निघून गेले. तिचं सासर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं गाव, आता पुनर्वसनाच्या वसाहतीत. त्यांची बांधी आजही तशीच आहे. तिच्यात बेशरमाची झुडपं आहेत, माझ्या उंचीची.

बाबा आणि मी यावर एकदाही बोललो नाही. मी प्राध्यापक झालो. दर कार्तिकात मी घरी आलो की ते विचारायचे, “यंदा कोन्ता विषय आहे?” मी सांगायचो. ते विचार करायचे आणि म्हणायचे, “मंग समोरचा काय म्हणन?” मला वाटायचं, म्हाताऱ्याला गंमत वाटते. मी मोठ्या आवाजात, हातवारे करून सांगायचो. ते ऐकून घ्यायचे. शेवटच्या दुखण्यात, बोलणं जवळपास बंद झालं होतं तेव्हाही, मी उशाशी बसलो असताना त्यांनी ओठ हलवून तेच विचारलं. मी म्हटलं, बाबा, आता स्पर्धेचा सीझन नाही, चैत्र आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले.

प्रणालीचा प्रश्न डोक्यात घेऊन मी रविवारी गाडी काढली आणि सोमाजीकाकांकडे गेलो. बाबांच्या तेरवीला त्यांना येता आलं नव्हतं, कंबर गेली आहे. इतक्या वर्षांत मी तिथे कधी गेलो नव्हतो. वसाहतीत सरळ रेषेत घरं, सारखीच. मागे नजर पोचेल तिथवर पाणी. ज्याची बांधी पाण्यावाचून गेली तो माणूस त्या अफाट पाण्याकडे तोंड करून खाटेवर बसला होता. मला बघून त्यांनी नातीला चहा ठेवायला सांगितलं. चहा आला.

“काका,” मी म्हटलं, “त्या सभेत मी बाबांले कारण विचारलं होतं. त्यायच्याजवळ नव्हतं. मी चुकलो, पण मले खरंच समजत नव्हतं. तुमाले माहीत होतं का, शेवटाले आधी पाणी काहून द्यायचं ते?”

काकांनी पाण्याकडची मान माझ्याकडे वळवली.

“कारण नव्हतं? त्याच्याजवळ?” ते म्हणाले. “बाबू, सभेच्या दुसऱ्या दिवशी पाणी सोडून तुया बाप सिधा माया घरी आला. त्यानंच तं मले सांगतलं. शेवटाले पाणी पोचल्याबिगर वरच्याची पाळीच येत नाही, म्हून सारा गाव नाली राखते. गवत काढते, भोकं बुजवते. वरच्याले पयले देल्लं की तो घरी जाते. मंग शेवटवाला येकटा किती नाली राखन? इतकी सिधी गोष्ट. मले बी त्या दिवशी समजली.”

चहाचा कप माझ्या हातात होता. तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

“मंग सभेत काहून नाही बोलले?”

“म्या बी हेच विचारलं. जोरानं विचारलं, मायी बांधी जाऊन राहिली होती. तं म्हणे, बोलासाठीच उठलो होतो सोम्या. तेवढ्यात टाळ्या वाजल्या. पोट्टा घामानं ओला होऊन उभा, आन् सारा गाव त्याच्यासाठी टाळ्या वाजवून राहिला. मंग माया तोंडातून शब्द निघाला नाही, म्हणे.”

पाण्यावर कुणीतरी डोंगा वल्हवत होतं. वल्ह्याचा आवाज उशिरा ऐकू येत होता.

“म्या म्हटलं, आता तरी जा, गावाले सांग. तं म्हणे, आता सांगतलं तं पोट्टा खोटा पडन. मले लय राग आला, बाबू. म्या म्हटलं, तुया पोट्ट्यासाठी मायी बांधी बुडवतं का?  माया अंगणात खाली बसला आन् रडला. खळ्यावर पोतं धर म्हटलं, तेवढं सोडून दोन वर्षं मी त्याच्यासंग बोललो नाही मंग.”

काकांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हसण्यासारखंही होतं.

“जाताना दारात थांबला. डोळे पुसले त्यानं. मले म्हणे, सोम्या, पण पोट्टा बोलला मस्त, नाही का?”

“तुमी काय म्हटलं?”

“काय म्हणतो? बोलला तं होताच तू मस्त. म्या म्हटलं, हाव.”